पंख्याखालची सतरंजी

आमच्या सोसायटीत वादविवाद नुसता ऐकायचा नसतो, त्यात उठबस करावी लागते. नवघरला राहायला येऊन आम्हाला बावीस वर्षं झाली आणि त्यातली निदान पंधरा वर्षं एक मेच्या संध्याकाळी हा खेळ रंगतो आहे. पार्किंगमधल्या गाड्या सकाळीच बाहेर काढायच्या, फरशी धुवायची आणि दोन मोठ्या सतरंज्या अंथरायच्या, एक निळी आणि एक लाल. निळी म्हणजे विषयाच्या बाजूने, लाल म्हणजे विरोधात. लोकांनी आपापल्या मताप्रमाणे बसायचं. भाषण चालू असताना मत बदललं, तर तिथल्या तिथे उठून सतरंजी बदलायची. शेवटी जिच्यावर जास्त माणसं, ती बाजू जिंकली. ही पद्धत तळमजल्यावरच्या गुजराती काकांनी काढली. त्यांचं म्हणणं असं, की टाळ्या काय, कोणीही कशालाही वाजवतं. पण गुडघ्यावर हात टेकून माणूस उठला, म्हणजे त्याला खरंच पटलं असणार.

काकांनी आणखी एक नियम करून ठेवला होता. एखाद्या सतरंजीवर एकच माणूस उरला, तर निकालानंतर त्याच्या हातात माईक द्यायचा आणि तो का हलला नाही ते दोन मिनिटं ऐकून घ्यायचं. इतक्या वर्षांत तो नियम कधी वापरावा लागला नव्हता. इतकं एकटं कोणी उरतच नसे.

मला या दिवसाचं वेड आहे, हे आधीच कबूल करते. एकतीस वर्षं मी एका विमा कंपनीत लोकांचे दावे तपासते आहे. समोरच्याच्या बोलण्यात फट दिसली, की माझे हात शिवशिवतात. लग्न केलं नाही, त्यामुळे घरी भांडायला हक्काचं माणूस नाही. आई आहे, पण आई भांडत नाही. ती ऐकून घेते आणि कुकर लावायला जाते. तेव्हा वर्षभराची खुमखुमी मी एक मेला भागवते. आतापर्यंत दोनदाच हरले आहे आणि दोन्ही वेळा समोर ‘बी’ विंगमधली उत्तनची बाई होती.

ही बाई बँकेत अधिकारी आहे. माहेर उत्तनचं, घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारी, दर रविवारी चर्चला जाणारी. एरवी बोलते ती अगदी बँकेतल्यासारखं, तोलूनमापून. तापली की मात्र उत्तनची बोली बाहेर येते, आणि ती बोली आली की लोक उठायला लागतात. मी तिला मनातून घाबरते. ती मला ताई म्हणते, त्यामुळे उघड रागही धरता येत नाही.

त्या वर्षीचा विषय कमिटीच्या बैठकीत काकांनीच काढला: पाकिस्तानशी आपण संबंध सुरळीत करावेत का? तेव्हा बातम्या नुसत्या पेटलेल्या होत्या. सेक्रेटरींचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “काका, नको ना. उगाच डोकी फिरतील. दुसरा काहीतरी साधा विषय घ्या. पार्किंग घ्या.”

“पार्किंग?” काकांनी चष्मा काढला. “पार्किंग पे डिबेट रखा तो पोलिस बुलाना पडेगा, भाई. पाकिस्तान सेफ छे.”

सगळे हसले आणि विषय ठरला. मग चिठ्ठ्या टाकल्या. मला लाल आली, विरोधात. उत्तनच्या बाईला निळी. चिठ्ठी उघडून मी मूठ आवळली, कारण लाल म्हणजे अर्धा सामना जिंकल्यातच जमा होता.

पुढचे तीन दिवस काय मजा आली म्हणून सांगू! लिफ्टमध्ये लोक चौथ्या मजल्याचे सातव्याला जायला लागले, बोलणं संपेना म्हणून. भाजीवाला भय्या गवारीचं वजन करता करता म्हणाला, “मॅडम, आप तो अगेंस्ट में हो ना? छोडना मत.” खारी गावातून दूध घालायला येणारे आजोबा जिन्यात थांबून म्हणाले, “बोलाचाली कराला काय जातं? न्हाय पटलं तर न्हाय.” सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सहापासून मुद्दे पडत होते. मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत टिपणं काढत होते. पंचावन्नाव्या वर्षी परीक्षेसारखी धडधड होत होती आणि मला ती फार आवडत होती.

आता आईचं सांगायला हवं. माझे वडील सैन्यात होते. मी दोन वर्षांची असताना त्याच देशाशी झालेल्या लढाईत ते गेले. मला ते आठवत नाहीत. आईनेही कधी फार सांगितलं नाही. “बाबा लढाईत गेले,” एवढंच. बाकीचं मी स्वतःच जुळवलं. लालबागच्या शाळेत सातवीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी बाबांवर बोलले. बर्फ, गोळ्यांचा वर्षाव, छातीवर गोळी, मातीला टेकलेलं कपाळ, सगळं माझ्या मनचं. मास्तर रडले. मी ढाल घेऊन नाचत घरी आले. आईने ती हातात घेतली, मागेपुढे बघितली आणि कपाटाच्या मागे सारली. रात्रीचा भात वाढताना म्हणाली, “पुन्हा त्यांना भाषणात आणू नकोस.” मी बारा वर्षांची होते. वाटलं, तिला रडू येतं म्हणून असेल.

त्यानंतर कधी आणलं नाही. आणि या वेळी, एक मेच्या सकाळी, मी टिपणं घोकत असताना आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “हवं ते बोल. त्यांना मध्ये घेऊ नकोस.”

“नाही ग. मुद्दे भरपूर आहेत माझ्याकडे.”

“वचन दे.”

आई शहात्तर वर्षांची आहे आणि वचन वगैरे शब्द तिच्या तोंडी मी क्वचितच ऐकले आहेत. मी दिलं.

संध्याकाळी सहा वाजता पार्किंग गच्च भरलं. साठ-पासष्ट माणसं असतील. मे महिन्याचा उकाडा असा, की बसल्या बसल्या पाठ भिजत होती. मंडपवाल्याकडून एकच मोठा उभा पंखा मिळाला होता. तो प्लगच्या अंतरामुळे निळ्या सतरंजीशी लागला. आई हळूहळू आली, पंख्यासमोर निळ्यावर पाय पसरून बसली आणि पदराने तोंड पुसलं. माझी मैत्रीण म्हणाली, “अगं, तुझी आईच विरोधी पक्षात!” मी म्हटलं, “ती पंख्याच्या पक्षात आहे.” सगळे हसले. तसं दरवर्षीचंच आहे. म्हातारी माणसं आधी वारा बघतात, मग विचार. लाल सतरंजी तरीही भरून वाहत होती. निळ्यावर पंधराएक डोकी, त्यातली निम्मी वाऱ्याची.

काकांनी स्टीलच्या ताटावर चमचा मारला आणि पहिली पाच मिनिटं मला मिळाली.

मी चांगली बोलले, खोटा विनय कशाला. म्हटलं, संबंध सुरळीत करणं म्हणजे काय? सरळ करायला आधी ते वाकडे कोणी केले ते बघा. बोलणी चालू असताना हल्ले झाले आहेत. हात पुढे केला त्याच हंगामात पाठीत वार झाला आहे. विम्याच्या धंद्यात एकाच गाडीला तीनदा तसाच अपघात झाला, तर चौथ्या वेळी आम्ही आधी ब्रेक तपासायला सांगतो आणि मगच कागद पुढे सरकतो. आधी त्यांनी विश्वास दाखवावा, मग आपण दार उघडू. निळ्यावरचे चार जण उठून लालवर आले. त्यात पंख्यासमोरचे एक आजोबाही होते, म्हणजे मुद्दा खरोखर पोचला होता.

मग उत्तनची बाई उठली. सुरुवातीला बँकेतल्यासारखीच बोलली. म्हणाली, संबंध सुरळीत करा म्हणजे विसरून जा असं मी म्हणत नाही. गुन्हेगाराला सोडा असंही नाही. पण वकिलाती बंद, टपाल बंद, गाड्या बंद, यामुळे नेमका कुठला हल्ला थांबला ते ताईंनी सांगावं. दार बंद केलं की चोराला त्रास होत नाही, तो दारातून येतच नाही. त्रास पाहुण्यालाच होतो. हे ऐकून कोणीतरी मागून ओरडलं, “शेजारी पटला नाही तर फ्लॅट विकता येतो, देश कुठे विकणार?” हशा झाला, आणि दोन जण निळ्याकडे सरकले.

मग ती तिच्या काकांवर आली. काका एका गुजरातच्या बोटीवर खलाशी होते. इंजिन बंद पडलं, प्रवाहाने बोट वाहवत गेली आणि पलीकडच्यांनी पकडली. “दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. आमच्या काकीचं वर्ष त्या यादीवर चालायचं. यादीत नाव आलं तर माणूस जिवंत. पत्र जात नव्हतं, फोन न्हाय, काय न्हाय.” मी मनात म्हटलं, झालं, आली बोली. “समुद्रात कंपाउंड हाय का? भिंत हाय का? माशाला ठावं न्हाय, आमाला कसं ठावं असंल? दोन सायबं एका टेबलावर बसली असती तर माजा काका पंधरा दिसांत घरी आला असता. तीन पावसाळं लागलं!”

तीन पावसाळे म्हणताना तिचा आवाज फाटला. आणि लोक उठले. माझ्या डोळ्यांदेखत उठले! चौथ्या मजल्यावरचं बंगाली जोडपं, सेक्रेटरींची बायको, मला “छोडना मत” म्हणणारा भाजीवाला, जो मुळात सोसायटीचा सभासदही नाही. लालवर भगदाडं पडली. निळ्यावर बसायला जागा उरली नाही, लोक कडेच्या फरशीवर टेकले. गुजराती काका चमचा हातात धरून, खुर्चीच्या टोकावर येऊन, “अरे वाह, अरे वाह” करत होते. मी मोजलं. मी दहाने मागे होते.

उत्तराला मला तीन मिनिटं होती. टिपणं हातात होती. पहिलं वाक्य वाचलं, दुसरं वाचलं, कोणी हललं नाही. एक बाई जांभई देताना दिसली. तिसऱ्यांदा तिच्याचकडून हरायचं, तेही लाल चिठ्ठी हातात असताना! माझ्या कानशिलात गरम रक्त चढलं. खरं सांगते, त्या क्षणी मला ना देश दिसत होता, ना शेजारी, ना सकाळचं वचन. मला फक्त निळ्या सतरंजीवरची डोकी दिसत होती.

मी टिपणं खाली ठेवली.

“यांचे काका परत आले,” मी म्हणाले. “माझे वडील आले नाहीत.”

मग मी थांबलेच नाही. सातवीतलं सगळं भाषण जसंच्या तसं वर आलं, पंचावन्न वर्षांच्या आवाजात. थंडी, गोळ्या, सीमेवरच्या मातीत जागच्या जागी घेतलेला शेवटचा श्वास. “दोन वर्षांच्या पोरीला वडिलांचा चेहरा आठवत नाही, तिला सांगा संबंध सुरळीत करायला. या निळ्या सतरंजीवर बसायच्या आधी एकदा माझ्याकडे बघा आणि मग बसा!”

पहिला भाजीवाला उठला. मग रांगच लागली. लोक चपला सोडून अनवाणी धावत आल्यासारखे आले, एकमेकांच्या पायांवर पाय पडले, कोणी डोळे पुसत होतं, कोणी मुठी वळत होतं. उत्तनची बाई माईकपाशी उभी होती. तिनेही दोन्ही हात वर केले, माझ्याकडे बघून मान हलवली आणि लाल सतरंजीच्या कडेला येऊन बसली. असं आजवर कधी झालं नव्हतं. मला इतका आनंद झाला, की उड्या माराव्याशा वाटल्या. मी जिंकले होते, नुसती जिंकले नव्हते, सगळंच्या सगळं पार्किंग माझं होतं.

काकांनी ताट वाजवलं. लाल बाजूला इतकी गर्दी झाली, की लोक घामाने गुदमरायला लागले. सेक्रेटरी म्हणाले, “अरे, तो पंखा आणा इकडे!” दुसऱ्या प्लगला वायर लावून त्यांनी पंखा ओढत आणला आणि लालकडे तोंड करून चालू केला. वारा आला, लोक “हां” म्हणाले.

तेव्हा मी निळ्याकडे पाहिलं. तिथे आई बसली होती. तेवढ्या मोठ्या सतरंजीवर एकटी, पाय पसरून. वारा गेल्यामुळे तिच्या कपाळावर घामाचे थेंब आले होते आणि ती पदराने वारा घेत होती. मैत्रिणीने हाक मारली, “काकू, पंखा इकडे आलाय, या की!” आईने मान हलवली. ती नाही म्हणत होती.

काकांनाही कळलं. ते उठले, माईक काढला आणि आईपाशी गुडघे टेकून बसले. म्हणाले, “बेन, नियम है. दो मिनट.” मला वाटलं, आई माईक सारून देईल. तिने आयुष्यात कधी माईक धरला नव्हता. तिने तो दोन्ही हातांनी धरला, थोडा वाकडा.

“मी पंख्यासाठी बसले नव्हते,” ती म्हणाली. थोडे जण हसले.

“हिचे वडील लढाईत गेले, ते खरं. पण जागच्या जागी नाही गेले. जखमी होऊन पलीकडच्यांच्या हाती लागले. त्यांच्या दवाखान्यात सहा दिवस होते. तिथे गेले. हे हिला ठाऊक नाही. हिने लहानपणी शाळेत त्यांना एका गोळीत संपवलं आणि ढाल घेऊन आली. मग मला सांगायचं धैर्य झालं नाही.”

मी उभी होते की बसले होते, मला आठवत नाही.

“चार महिन्यांनी सैन्याकडून पुडकं आलं, पलीकडच्या दवाखान्यातून पाठवलेलं. त्यांचा कंगवा होता, आणि मी विणलेला मफलर. जखम मानेला होती, असं कागदात लिहिलं होतं. पण मफलर स्वच्छ. घडी घातलेला. रक्त गरम पाण्यात टाकलं की डाग धरतं, मग जात नाही. लगेच, गार पाण्यात धुवावं लागतं. घरातल्या बाईला हे ठाऊक असतं. तिथे कोणीतरी डिसेंबरच्या थंडीत गार पाण्यात हात घालून तो मफलर धुतला. बाई होती की बुवा, मला काय ठाऊक.” तिने पदराने कपाळ पुसलं. “सरकारने काय करावं ते मला कळत नाही. ही म्हणते तेही खोटं नसेल. मला त्या माणसाला एवढंच विचारायचं होतं, की शेवटी ते काही बोलले का. पन्नासच्या वर वर्षं झाली. रस्ता सरळ असता तर मी विचारून आले असते. आता ते माणूसही नसेल. म्हणून मी इथे बसले.”

तिने माईक काकांना दिला आणि उठायला हात पुढे केला. काकांनी तिला उठवलं. टाळी कोणी वाजवली नाही. निकाल आधीच लागला होता, त्यामुळे बक्षीस मलाच मिळालं, सँडविच टोस्टर. तो खोका काखेत धरून मी आईच्या मागून जिना चढले. लिफ्ट चालू होती, पण आई जिन्याने निघाली आणि मला तिला सांगायचं धाडस झालं नाही. दर मजल्यावर ती थोडी थांबत होती. मी दोन पायऱ्या खाली थांबत होते.

“आई, चुकले मी,” तिसऱ्या मजल्यावर मी म्हणाले.

“बोललीस छान,” ती म्हणाली. “पहिल्यापासून छान बोलतेस.” आणि पुढे चढायला लागली. त्यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लोकरीचे कपडे काढले. पावसाळ्याआधी ते धुऊन, ऊन दाखवून, डांबराच्या गोळ्या घालून ठेवायचे, हे तिचं दरवर्षीचं काम. तो करडा मफलर मी जन्मभर पाहत आले आहे. जानेवारीत ती तो बांधून दूध आणायला जाते. त्याला तिने मला कधी हात लावू दिला नव्हता. तुला जमणार नाही, ताणला जाईल, म्हणायची. त्या सकाळी तिने तो माझ्या हातात दिला.

“धुऊन टाक. पिळू नकोस.”

मफलर घेऊन न्हाणीघरात गेले, बादली ठेवली आणि सवयीने गिझरचा नळ सोडला.

मागे आई उभी होती. “तो बंद कर,” ती म्हणाली. “गार पाण्यात.”

मी बंद केला. दुसरा नळ सोडला, मफलर बुडवला आणि कोपरापर्यंत हात आत घातले. मे महिना होता. पाणी तसं गार नव्हतंच.